बाजारकुणंगची पहाट आणि गोमंतकीयांचा स्वेटर

डिसेंबर उजाडला की गोव्यातून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाहनांची संख्या वाढू लागते. कोणी अनमोडच्या घाटाने चढतात, कोणी कारवारहून अणशीमार्गे वर येतात. काळी नदीचे खोरे, सुपा धरणाचा जलाशय, काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आणि जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगसारखी रानाने वेढलेली गावे ही या प्रवासाची ठिकाणे होत. शनिवारी दुपारी गावात पोहोचलेल्या पाहुण्याला ऊन लागते आणि गार वाऱ्याची झुळूक हवीहवीशी वाटते. बॅगेत आणलेला एकमेव जाड स्वेटर उगाच घेतला असे त्याच्या मनात येते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास, पक्षी पाहण्यासाठी किंवा जंगल सफारीसाठी अंगणात उभा राहिल्यावर तोच पाहुणा दात वाजवू लागतो. तासाभराने चढण चढताना त्याच स्वेटरात तो घामाघूम होतो आणि टेकडीच्या माथ्यावर थांबताच पुन्हा कुडकुडतो.

एकाच सकाळी, एकाच कपड्यात, एकाच माणसाला गरम आणि थंड असे दोन्ही त्रास का व्हावेत? बहुतेक जण याचे खापर स्वेटरच्या जाडीवर फोडतात. वास्तविक दोष जाडीचा नसतो. थंडीत ऊब टिकवणे हे कोरडे राहण्यावर, वारा अडवण्यावर आणि शरीराच्या हालचालीप्रमाणे वेळेवर कपडे उतरवण्या-चढवण्यावर अवलंबून असते. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की घरातल्याच चार कपड्यांत घाटावरची पहाट सुखात घालवता येते. ती ध्यानात न आल्यास सहलीचा विचका होतो, आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते.

घाटावर एवढा गारठा का?

पणजीत जानेवारी महिन्यातील सरासरी किमान तापमान वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. समुद्राचे पाणी दिवसा घेतलेली उष्णता रात्री सावकाश सोडते, त्यामुळे किनारपट्टीवर पारा फारसा उतरत नाही. घाट चढून वर आले की समुद्राची ही सोबत सुटते. घाटमाथ्यापलीकडच्या बेळगावात जानेवारीतील सरासरी किमान तापमान सुमारे चौदा अंश असते.

उंची हे याचे पहिले कारण. साधारणपणे दर शंभर मीटर चढाला तापमान सुमारे ०.६५ अंशाने उतरते. सुपा धरणाच्या जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे तेथे किनाऱ्यापेक्षा साडेतीन अंशांहून अधिक फरक पडू शकतो.

दुसरे कारण निरभ्र आकाशाचे. पावसाळ्यात ढगांचे आवरण जमिनीची उष्णता अडवून धरते. हिवाळ्यात आकाश मोकळे असते, हवा कोरडी असते आणि वारा पडलेला असतो. अशा रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशात सोडत राहते. तिच्यालगतची हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. म्हणूनच एकाच गावात टेकाडावरील घर आणि खालच्या भातखाचराला लागून असलेले घर यांतील पहाटेच्या गारठ्यात स्पष्ट फरक जाणवतो. तंबू ठोकण्यासाठी सपाट म्हणून नदीकाठची किंवा शेताच्या तळाची जागा निवडणारे पाहुणे नकळत सर्वांत थंड जागा निवडतात. थोडीशी वरची, झाडांच्या आडोशाची जागा अधिक उबदार ठरते.

ध्यानात ठेवण्याजोगी आणखी एक बाब अशी की दिवसातील नीचांकी तापमान मध्यरात्री येत नाही. जमीन सूर्य वर येईपर्यंत उष्णता गमावतच असते. त्यामुळे पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे पाहुणे जंगलाकडे निघतात नेमक्या त्याच वेळी. त्यानंतर मात्र ऊन वेगाने तापते. पहाट आणि दुपार यांतील ही मोठी तफावत हेच घाटावरच्या थंडीचे वैशिष्ट्य आहे. सबंध दिवस थंड असणाऱ्या हिमालयातील गावासाठी जी तयारी लागते, ती येथे उपयोगी पडत नाही.

ऊब येते कोठून?

कपडा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ती शरीर निर्माण करते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण शंभर वॅट इतकी उष्णता बाहेर टाकत असते. सपाटीवर झपझप चालू लागल्यास हे प्रमाण सुमारे तिप्पट होते, आणि चढणीवर त्याहून वाढते. कपड्याचे काम एवढेच की ही उष्णता निघून जाण्याचा वेग कमी करणे.

हे काम प्रत्यक्षात कापड कमी आणि त्यात अडकलेली स्थिर हवा अधिक करते. हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये, गोधडीच्या थरांमध्ये किंवा दोन कपड्यांच्या मधल्या पोकळीत जी हवा कोंडली जाते, तीच खरे पांघरूण असते. यावरून तीन गोष्टी निघतात. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बहुधा अधिक ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो. कपडे अंगाला करकचून बसले तर हवेला जागा उरत नाही आणि ऊब कमी होते. कापडातील हवेची जागा पाण्याने घेतली तर सारेच बिघडते, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते.

हे पाणी पावसाचे असायलाच हवे असे नाही. हिवाळ्यातील कोरड्या दिवसांत ते दोन वाटांनी येते. एक वाट दवाची. गुडघ्याएवढ्या गवतातून पायवाटेने शंभर पावले चालले तरी पँटचे पाय आणि बुटांतील मोजे भिजून जातात. दुसरी वाट घामाची, आणि ती अधिक फसवी असते.

घाम हा थंडीचा खरा दूत

पहाटे अंगणात थंडी वाजते म्हणून पाहुणा जवळचे सारे कपडे अंगावर चढवतो आणि तसाच चालू लागतो. दहा-पंधरा मिनिटांत शरीर तापते, परंतु चालण्याच्या ओघात कपडा उतरवण्याचा कंटाळा केला जातो. आतला बनियन घामाने भिजतो. माथ्यावर पोहोचून दुर्बीण डोळ्यांना लावली की शरीराची उष्णतानिर्मिती एकदम एक तृतीयांशावर येते. त्याच वेळी भिजलेल्या बनियनमधील घाम वाळू लागतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना शरीरातील अर्ध्या किलोकॅलरीहून अधिक उष्णता खर्च होते. उन्हाळ्यात हीच क्रिया जीव थंड ठेवते. पहाटेच्या वाऱ्यात तीच अंगावर उलटते.

यावरचा उपाय अनुभवी पदभ्रमण करणाऱ्यांना ठाऊक असतो. निघताना अंगात किंचित गारवा जाणवेल इतकेच कपडे असावेत. पहिल्या दहा मिनिटांत तो गारवा निघून जातो. घाम फुटण्यापूर्वी वरचा कपडा काढावा आणि थांबताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न पाहता, पुन्हा चढवावा. वाजू लागलेली थंडी घालवण्यापेक्षा अंगात असलेली ऊब राखणे सोपे असते.

असे उतरवणे-चढवणे जमावे म्हणून कपड्यांचे तीन थर सुचवले जातात. अंगालगतचा थर घाम त्वचेपासून दूर नेणारा असावा. खेळाडू वापरतात तसा पातळ, चटकन वाळणारा टी-शर्ट येथे चांगला. मधला थर हवा कोंडून ठेवणारा असावा. लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट हे काम करते. सर्वांत वरचा थर वारा अडवणारा असावा. पातळ विंडचीटर किंवा पावसाळ्यात दुचाकीवर वापरले जाणारे जाकीटही चालते, फक्त ते चालताना घालू नये, कारण त्यातून घामाची वाफ बाहेर पडत नाही. तिन्ही वस्तू बहुतेक घरांत आधीच असतात. त्यासाठी महागड्या दुकानात जाण्याची गरज नसते.

सुती कापड आणि घोंगडी

गोव्याच्या दमट हवेत सुती कापडासारखे सुख दुसरे नाही. कापूस पाणी शोषून घेतो आणि सावकाश वाळतो, म्हणून उकाड्यात अंग थंड राहते. थंडीत हाच गुण दोष ठरतो. भिजलेला सुती बनियन आणि भिजलेली जीन्स तासन्‌तास अंगाला चिकटून राहते. घाटावरच्या पहाटेसाठी जीन्स हा सर्वांत चुकीचा पोशाख आहे. ती वारा अडवत नाही, दव शोषते आणि दुपारपर्यंत वाळत नाही.

लोकरीची गोष्ट निराळी आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत बाष्प सामावून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. बाष्प शोषताना तिच्यातून थोडी उष्णताही बाहेर पडते. तिचे तंतू कुरळे असल्याने भिजल्यावरही ते पूर्णपणे चपटे होत नाहीत व त्यांच्यामधील हवा काही प्रमाणात टिकून राहते. दख्खनच्या पठारावरील मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस आणि थंडी या दोहोंसाठी वापरली गेली, त्यामागे हेच कारण होते. गुराख्याच्या डोक्यावरून पाठीवर सोडलेली घोंगडीची खोळ वारा अडवते, डोके झाकते, बसायला आसन होते आणि रात्री पांघरूणही होते. हात तिच्या आत असतात आणि लागेल तेव्हा बाहेर काढता येतात. आधुनिक दुकानांत जे गुण तीन वेगवेगळ्या वस्तूंत विकले जातात, ते या एका वस्त्रात होते.

घोंगडी जड असते आणि ती खांद्यावर टाकून लांबवर चालणे पाहुण्याला जमेलच असे नाही. तरी गाडीत किंवा मुक्कामाच्या ठिकाणी एखादी घोंगडी अथवा लोकरीची शाल असणे केव्हाही चांगले. पहाटे उघड्या जीपमध्ये बसणाऱ्यांच्या गुडघ्यांवर ती टाकली तर तिची किंमत कळते.

चालणे आणि थांबणे : गोल्फपटूंचा अनुभव

सतत चालणाऱ्याला थंडीचा प्रश्न सोपा असतो आणि सतत बसून राहणाऱ्यालाही. अवघड असते ते थोडे चालणे, मग थांबणे, पुन्हा चालणे. पक्षीनिरीक्षक, छायाचित्रकार आणि वनवाटांचे मार्गदर्शक यांची सकाळ अशीच जाते. अगदी वेगळ्या क्षेत्रातील आणखी एका मंडळींची सकाळ याच चालीने जाते, ती म्हणजे गोल्फ खेळणारे. अठरा छिद्रांचा पूर्ण खेळ पायी खेळायचा तर साधारण चार तास लागतात. दोन फटक्यांच्या मध्ये चालणे असते आणि प्रत्येक फटक्यापूर्वी उघड्या मैदानात स्थिर उभे राहणे असते. पुण्यात हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली उतरणे नवे नाही. येरवड्याच्या मैदानावर भल्या सकाळी खेळणाऱ्यांना याचा अनुभव येतो. या खेळाचे माहेर असलेल्या स्कॉटलंडमध्ये तर समुद्रावरचा बोचरा वारा अंगावर घेत हिवाळ्यातही खेळ चालतो.

त्यांच्या सवयींतून जंगलात जाणाऱ्यांनी उचलण्याजोगे बरेच आहे. गोल्फमध्ये खांदे आणि कंबर मोकळेपणाने फिरावी लागते, म्हणून फुगीर जाड जाकीट तेथे चालत नाही. खेळाडू अंगावर पातळ थर घालतात आणि त्यावर बिनबाह्यांचे जाकीट चढवतात. धड उबदार राहिले की शरीर हातापायांकडे रक्त मोकळेपणाने पाठवते आणि बाह्या नसल्याने हात अडत नाहीत. आपल्याकडे शेतकऱ्याच्या अंगातील बंडी याच तत्त्वावर बेतलेली आहे. कोयता, कॅमेरा किंवा दुर्बीण हाती असणाऱ्याला जाड बाह्यांपेक्षा बंडी किंवा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर अधिक सोयीचा.

दुसरी सवय हातांची. फटका मारताना काठीवरची पकड जाणवली पाहिजे म्हणून जाड हातमोजे घालता येत नाहीत. त्यामुळे थंडीत खेळणारे दोन फटक्यांच्या मधल्या वेळात जाड, सैल, बोटे एकत्र राहणारे मोजे घालतात आणि फटक्यापुरते ते काढतात. पाची बोटे वेगळी असणाऱ्या हातमोज्यापेक्षा असा मोजा अधिक उबदार असतो, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. छायाचित्रकारालाही ही युक्ती जशीच्या तशी उपयोगी पडते. बोटांच्या त्वचेचे तापमान पंधरा अंशांखाली गेले की त्यांचे कसब मंदावू लागते. कॅमेऱ्याचे बटण सापडत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही आणि दुचाकीचा ब्रेक दाबायला विलंब होतो. यांतील शेवटची गोष्ट केवळ गैरसोयीची नाही.

डोके, मान आणि पाय

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आहे आणि त्यातून जाणारी उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात असते. तरीही कानटोपीचे महत्त्व कमी होत नाही. बाकीचे अंग झाकलेले असताना उघडे राहते ते डोकेच, शिवाय चेहरा आणि मान यांना गारठा अधिक जाणवतो. कानटोपी आणि मफलर यांचा आणखी एक फायदा असा की चालता चालता, न थांबता त्या काढता येतात. अंग तापू लागले की प्रथम कानटोपी खिशात घालावी, मग मफलर सैल करावा, त्यानंतर स्वेटर उतरवावा.

पायांच्या बाबतीत होणारी नेहमीची चूक म्हणजे घट्ट बुटांत मोज्यांचे दोन जोड कोंबणे. त्याने बोटे दाबली जातात, रक्तप्रवाह मंदावतो आणि पाय अधिकच गार पडतात. बुटात बोटे हलवता येतील इतकी जागा राहिली पाहिजे. दवात भिजणार हे गृहीत धरून मोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर ठेवावा. परतल्यावर कोरडे मोजे घालणे यासारखा स्वस्त आणि हमखास उपाय दुसरा नाही.

जंगलात जाताना रंगाचेही भान असावे. पिवळी-तांबडी भडक जाकिटे टाळून खाकी, मातकट किंवा गडद हिरव्या रंगाचे कपडे घालणे बरे.

दुचाकीवरची थंडी

गोव्यातून जोयड्याकडे दुचाकीने जाणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. पहाटे लवकर निघून सूर्योदयाला घाटमाथा गाठायचा हा त्यांचा आवडता बेत. या बेतात थंडीचा हिशेब बहुधा धरलेला नसतो. शरीराभोवती आपल्या ऊबेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो आणि वारा तो सतत उडवून लावतो. थंडी व वारा यांचा एकत्रित परिणाम मोजण्यासाठी अमेरिका व कॅनडा येथे २००१ पासून जे सूत्र वापरले जाते, त्यानुसार हवेचे तापमान दहा अंश असताना ताशी चाळीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ते सुमारे सहा अंशांसारखे जाणवते. दुचाकीस्वार हा वारा स्वतःच निर्माण करीत असतो आणि तासभर तो अंगावर घेतो. चालणाऱ्याप्रमाणे त्याचे शरीर उष्णता निर्माण करीत नाही, कारण तो बसलेला असतो.

म्हणून दुचाकीवर सर्वांत महत्त्वाचा थर वारा अडवणारा. लोकरीचा स्वेटर कितीही जाड असला तरी त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. त्यावर पातळ विंडचीटर घातले की तोच स्वेटर दुप्पट उबदार वाटतो. सायकलपटूंची एक जुनी युक्ती अडचणीच्या वेळी आजही कामी येते. छापील वर्तमानपत्राच्या चार-सहा घड्या छातीवर, सदरा आणि स्वेटर यांच्या मध्ये ठेवल्या की वारा अडतो आणि कागदांच्या मधली हवा ऊब धरते.

लहान मुलांना दुचाकीच्या पुढच्या बाजूस बसवून पहाटेचा घाट चढणे मात्र सर्वथा टाळावे. मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. झोप लागलेले मूल थंडी वाजते असे सांगतही नाही. हाताची बोटे बधिर झाल्यास स्वारानेही ओढूनताणून पुढे जाऊ नये. दहा मिनिटे थांबून, हात काखेत धरून, ऊब आल्यावरच निघावे. वळणावळणाच्या उतारावर ब्रेकवरचा हात वेळेवर दाबला जाणे हे थांबण्यातील दहा मिनिटांपेक्षा फार मोलाचे आहे.

पोटातील ऊब आणि फेणीचा गैरसमज

रिकाम्या पोटी थंडी अधिक वाजते. अन्नाचे पचन होताना उष्णता निर्माण होते आणि कुडकुडणाऱ्या स्नायूंना इंधन लागते. निघण्यापूर्वी नाचणीची भाकरी, उकडलेले कंदमूळ, केळी किंवा गूळ-शेंगदाणे असे काही खाऊन जावे. जोयडा तालुका कुणबी शेतकऱ्यांनी राखलेल्या कंदमुळांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील पहाटेच्या न्याहारीला उकडलेल्या कंदासारखा दुसरा पदार्थ नाही. थंडीत तहान जाणवत नाही, तरी श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जातच असते. त्यामुळे थर्मासमध्ये गरम पाणी किंवा चहा बरोबर असावा.

अंगात ऊब यावी म्हणून फेणीचा किंवा अन्य मद्याचा घोट घेण्याची प्रथा मात्र पूर्णपणे चुकीच्या समजुतीवर उभी आहे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, उबदार रक्त त्वचेकडे येते आणि गरम वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या गाभ्यातील उष्णता त्वचेवाटे बाहेर टाकली जात असते. थंडी वाजणे ही शरीराची सूचना आहे. मद्य थंडी कमी करीत नाही, केवळ ती सूचना बंद करते.

बंद खोलीतील निखारे

थंडीच्या दिवसांत सर्वांत गंभीर धोका बाहेरच्या गारठ्यात नसून बंद खोलीत असतो. रात्री ऊब यावी म्हणून घमेल्यात निखारे किंवा कोळशाची शेगडी खोलीत आणून, दारे-खिडक्या लावून झोपण्याचा मोह अनेकांना होतो. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते, त्यामुळे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ ठरते. डोके दुखणे, मळमळणे आणि ग्लानी ही त्याची लक्षणे. झोपलेल्या माणसाला ती कळत नाहीत आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात अशा घटनांच्या बातम्या येतात.

गावात पिढ्यान्‌पिढ्या चुलीजवळ झोपतात, मग आपल्यालाच काय होणार, असा प्रश्न येथे विचारला जातो. त्याचे उत्तर घराच्या बांधणीत आहे. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून आणि भिंत व छप्पर यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून हवा सतत खेळत असते. सिमेंटचे छत, काचेची तावदाने आणि घट्ट बसणारे दार असलेल्या नव्या खोलीत ही वाट बंद झालेली असते. तंबूची झडप लावली की तोही असाच बंदिस्त होतो. निखारा तोच असला तरी घर बदलले आहे. त्यामुळे शेगडी किंवा निखारे झोपण्याच्या खोलीत आणि तंबूत कोणत्याही परिस्थितीत नेऊ नयेत. त्याऐवजी गरम पाण्याची रबरी पिशवी, घट्ट बुचाची बाटली कापडात गुंडाळून किंवा अंगाखाली एक अधिक गोधडी घेणे सुरक्षित. अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंगाखालचे अंथरूण महत्त्वाचे असते, कारण थंड जमीन रात्रभर उष्णता ओढून घेते.

शेकोटीबाबतही विवेक हवा. यजमानाच्या अंगणातील शेकोटी वेगळी आणि रानातील वेगळी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. हिवाळ्यात सुकलेल्या पालापाचोळ्यावर पडलेली एक ठिणगीही महागात पडते.

कोणी जपावे, केव्हा परतावे

वयस्कर मंडळी, तान्ही मुले, दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी पहाटेच्या थंडीत विशेष काळजी घ्यावी. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. थंड कोरडी हवा श्वासनलिकांना चिथावते. नाका-तोंडावर मफलर गुंडाळल्यास आत जाणारी हवा थोडी उबदार व दमट होते. दम्याच्या रुग्णाने आपला पंप बॅगेच्या तळाशी न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवावा. अशा व्यक्तींनी ऊन वर आल्यावर बाहेर पडले तरी जंगल तेथेच असते.

शरीराच्या गाभ्याचे तापमान पस्तीस अंशांखाली गेले की वैद्यकीयदृष्ट्या ती धोक्याची अवस्था मानली जाते. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. दहा-बारा अंशांतही भिजलेले कपडे, वारा, रिकामे पोट आणि थकवा एकत्र आले की ती वेळ येऊ शकते. अनावर कुडकुडणे, बोलताना शब्द अडखळणे, बोटांतून वस्तू गळून पडणे आणि विचित्र सुस्ती येणे ही चिन्हे दिसली तर भटकंती थांबवावी. ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, घोंगडी किंवा चादरीत गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गोड गरम पेय द्यावे. हातपाय जोरजोराने चोळू नयेत आणि मद्य तर मुळीच देऊ नये. सुस्ती वाढत असेल तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा गोव्यात आणि कर्नाटकातही आहे, परंतु जंगलपट्ट्यात मोबाईलला सर्वत्र संपर्क मिळतोच असे नाही. त्यामुळे कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार हे यजमानाला सांगून निघणे ही सर्वांत साधी खबरदारी होय.

एवढ्या सगळ्याची गोळाबेरीज एका लहान पिशवीत मावते. चटकन वाळणारा टी-शर्ट, मध्यम जाडीचा स्वेटर, पातळ विंडचीटर, सुती जीन्सऐवजी हलकी पँट, कानटोपी, मफलर, सैल हातमोजे, मोज्यांचा कोरडा जोड, थर्मास आणि खाण्याचे थोडे काही. यांतील निम्म्याहून अधिक वस्तू कपाटात पडूनच असतात. बाजारकुणंगच्या पहाटेला चढण चढताना अंगातला स्वेटर हातात आला आणि माथ्यावर थांबताच तो पुन्हा अंगात गेला, तर धुके विरून दरीत ऊन उतरेपर्यंत पाहुणा तेथे निवांत उभा राहू शकेल. गोव्यातून पहाटेच्या अंधारात निघून तो इतक्या लांब येतो, ते त्याच क्षणासाठी.